ऑफ तासाची वही

सव्वादहाला मी फाटकातून आत शिरते तेव्हा शिपाईमामा व्हरांड्यात टोलापाशी उभे आहेत आणि त्यांच्या बगलेत ती वही आहे. लाल कापडी पुठ्ठा, झिजलेले कोपरे, पानांत खोचलेलं बिनटोपणाचं पेन. मामा काही बोलत नाहीत, नुसते मिशीत हसतात. आजचा आकडा तीनच्या वर आहे, एवढं मला त्यावरून कळतं.

"चार," ते म्हणतात. "गॅदरिंगची तालीम सुरू झाली न्हवं. त्यात दोन सर ट्रेनिंगला."

"चारही मलाच?"

"चारच की. गेल्या महिन्यात तुमी एकटीनं तीन वर्ग हाकलं. आता काय?"

ते निवडणुकीच्या दिवसांबद्दल बोलतायत. विधानसभेचं मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झालं. त्याआधी प्रशिक्षणाच्या दिवशी अर्धा स्टाफ तालुक्याला गेलेला. मी कायम नाही, म्हणून मला ड्यूटी नाही; आणि ड्यूटी नाही, म्हणून शाळा माझ्या गळ्यात. पाचवीच्या तिन्ही तुकड्या व्हरांड्यात एकत्र बसवून मी पाऊण तास पाढे म्हणवून घेतले होते. त्या दिवसापासून मामांच्या लेखी मी मास्तरीण झाले. बाकीच्यांचं अजून ठरायचं आहे.

वहीत रकाने आखलेले आहेत. तारीख, गैरहजर शिक्षक, इयत्ता व तुकडी, तास, बदली शिक्षक, सही. पर्यवेक्षक सर दहाच्या ठोक्याला येऊन ते भरतात. कोण किरकोळ रजेवर, कोण ओडीवर म्हणजे ऑन ड्यूटी, कुणाचा तिसरा मोकळा आणि कुणाचा सातवा, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं; वेळापत्रकाकडे ते बघतसुद्धा नाहीत. मग वही घेऊन मामा स्टाफरूममध्ये शिरतात आणि तिथलं बोलणं थांबतं. एकदम सगळ्यांना वह्या तपासायची आठवण होते. एका सरांचा फोन लागत नसतो, म्हणून ते कानाला लावून बाहेर जातात. मी हसत नाही. मोकळा तास ही मास्तरकीतली चैन आहे. त्यात चहा होतो, टाचण लिहून होतं, शालार्थवर पगाराचं बिल कुठं अडलं याची चौकशी होते. तो हातचा गेला की कुणाच्याही जिवावर येणार.

मी मान खाली घालत नाही, कारण उपयोग नसतो. जुलैमध्ये 'बदली शिक्षक' या रकान्यात सर माझं पूर्ण नाव लिहायचे. गणपतीपर्यंत आडनाव उरलं. आता नुसती दोन अक्षरं, आणि त्यांच्याखाली टिंबं. टिंब म्हणजे 'वरीलप्रमाणे'. आज माझी तीन टिंबं आहेत. मी चार सह्या करते आणि वही परत देते.

खरं तर मी स्वतःच बदली आहे. गणिताच्या मॅडम प्रसूती रजेवर गेल्या, १८० दिवसांच्या, आणि त्या जागेवर मी आले. म्हणजे बदलीच्या माणसाला पुन्हा वरचे बदली तास. उतार असेल तिकडं पाणी जाणारच. माझं मस्टरही वेगळं आहे, एक आखलेला फुलस्केप, मुख्याध्यापकांच्या टेबलावरच्या मोठ्या मस्टरच्या आत ठेवलेला. खिडकी उघडी असली की तो उडतो. मग मी तो कपाटाखालून काढते आणि सही करते.

बी.एस्सी., बी.एड., टीईटी पास. शिक्षकभरती थांबवणारा शासन निर्णय २ मे २०१२ ला निघाला तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते आणि शिक्षिकाच व्हायचं हे ठरवून मोकळी झाले होते. पहिली अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली, तेव्हा बी.एड.चं दुसरं वर्ष चालू होतं. दुसरी २०२३ मध्ये झाली तोवर दोन शाळांतल्या बदल्या करून झाल्या होत्या. ही तिसरी शाळा. भरतीच्या पोर्टलचं नाव पवित्र. त्याच्याकडे डोळे लावून बसणं हेही मग उपवासातच जमा धरायचं. इथलं मानधन संस्था देते, कधी महिन्याला, कधी दोन महिन्यांचं एकदम. दिवाळीच्या सुट्टीचं देत नाही. सुट्टीत मी शिकवत नाही हे खरंच आहे. कायम असलेलेही शिकवत नाहीत, पण तो वेगळा विषय.

स्टाफरूममध्ये मी मॅडमच्या खुर्चीवर बसते. खुर्चीला त्यांची घरून आणलेली गोधडीची गादी आहे. खण कुलपाशिवाय आहे, त्यात त्यांचा चष्म्याचा रिकामा डबा, शिंप्याची पावती, वाळलेल्या आवळासुपारीचं पाकीट आणि टाचणवही. ती वही मला पाठ झाली आहे. बाईंचं अक्षर मोत्यासारखं. लसावि शिकवताना त्या बसच्या वेळा घेतात, एक गाडी वीस मिनिटांनी सुटते, दुसरी तीस मिनिटांनी, पुन्हा दोन्ही एकदम कधी सुटतील. मी पहिल्याच आठवड्यात घंटांचं उदाहरण घेतलं तर सहावीतल्या एका मुलीने उभं राहून सांगितलं, "आमच्या मॅडम एस्टीचं घेत्यात." मी पुसलं आणि एस्टीचं घेतलं. या घरातलं मीठ कुठं, तिखट कुठं, हे पोरांना माहीत असतं. आपण पाहुणे. चहा करायचा असेल तर त्यांनाच विचारावं लागतं.

पहिला तास माझा स्वतःचा, नववी अ. तो नीट होतो. नीट झालेल्या तासाबद्दल सांगण्यासारखं काही नसतं.

तिसऱ्या तासाला पाचवी क. ऑफ तासाची मॅडम दिसली की पाचवी उठून उभी राहते आणि एका सुरात ओरडते, "म्याडम, गोष्ट!" त्यातलाच एक रडतोय, त्याची पाण्याची बाटली कुणीतरी पाडली. एकीला लघवीला जायचंय, तिच्याबरोबर सहा जणींना जायचंय. गोष्ट सांगायला मी तोंड उघडते आणि शेजारच्या हॉलमध्ये गॅदरिंगचा स्पीकर सुरू होतो. ढोलकी इतकी मोठ्यांदा की गोष्टीतल्या वाघाची डरकाळी मलाच ऐकू येत नाही. शेवटी मी गप्प होते आणि पाचवी क बाकावर हातांनी ठेका धरते. पस्तीस मिनिटं तशीच जातात.

मधल्या सुट्टीत खिचडी. आज मटकी आहे. मी डबा खाते, हात धुते, आणि ओढणीच्या टोकाला खडूच्या दोन कांड्या बांधून घेते. दुसऱ्याच्या वर्गात खडू कधी मिळत नाही. तो वर्गशिक्षकाच्या कपाटात असतो आणि किल्ली वर्गशिक्षकाच्या पर्समध्ये. डस्टरला मात्र पाय फुटलेले असतात.

पाचवा तास, सातवी ब.

सुट्टीनंतरची हजेरी घ्यायची आहे. कॅटलॉग उघडते. नावं मी वाचत नाही, नंबर घेते. नाव चुकीचं वाचलं तर वर्ग दहा मिनिटं हसतो, हे पहिल्या शाळेत शिकले. एक, हजर. दोन, हजर. मी वर बघत नाही, फक्त ऐकते. चौदाला जो 'हजर' येतो तोच थोडा घसा जाड करून एकतीसलाही येतो.

"एकतीस उभा राहील का?"

कुणी उभं राहत नाही. पहिल्या बाकावरची एक जण डेस्कखाली तोंड घालून हसते.

"चौदा उभा राहील का?"

चौदा उभा राहतो. काळी टोपी, स्वेटरची बाही चावून ओली केलेली. "एकतीस तालमीला गेलाय मॅडम. लेझीममध्ये हाय. मला सांगून गेलता, हजेरी लाव म्हणून."

मला त्याचा राग येत नाही. गैरहजराच्या जागी उभं राहून 'हजर' म्हणायचं, माझंही काम तेच. एकतीससमोर मी 'तालीम' लिहिते.

सेहेचाळीस नावं पेनने लिहिलेली आहेत आणि शेवटची तीन पेन्सिलीने. दोन मुली, एक मुलगा. ऊसतोडीची पोरं. यंदा गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं. काही टोळ्या तर मतदान उरकून निघाल्या आणि मागाहून पोचल्या, त्यातली ही. बीड जिल्ह्यातून येताना तिथल्या गुरुजींनी हमी कार्ड दिलेलं असतं, ते दाखवलं की इथं बसता येतं, दाखला लागत नाही. मार्च-एप्रिलमध्ये पट्टा पडला, म्हणजे कारखाना बंद झाला, की ही नावं रबराने खोडायची. कॅटलॉग स्वच्छ राहतो.

"मॅडम, खेळायला सोडा."

"मॅडम, भेंड्या."

"मॅडम, आज गणित नको."

गणित नको, हे मी वर्गात पाऊल टाकायच्या आधीपासून ऐकतेय. हा तास हिंदीचा आहे, हिंदीच्या सरांनी काय घ्यायचं ते काही सांगून ठेवलेलं नाही. सांगून कधीच ठेवत नाहीत. दोष कुणाला देणार? रजा काही पंचांग बघून येत नाही.

मागची खिडकी कारखान्याच्या रस्त्यावर उघडते. रस्त्याच्या कडेला एक ट्रॅक्टर दोन ट्रॉल्या लावून उभा आहे, ड्रायव्हर समोरच्या टपरीवर चहाला बसलाय. ट्रॉल्यांतून ऊस दोन्ही अंगांना सांडायला आलेला. खिडकीचे गज नसते तर एव्हाना सातवी बने एक ट्रॉली हलकी केली असती. सगळ्या माना तिकडेच आहेत, तेव्हा मीही तिकडेच जाते.

"त्या दोन ट्रॉल्यांत मिळून मोळ्या किती असतील? अंदाज सांगा. जो जवळ येईल, तो घंटेला पहिला बाहेर."

यावर मात्र सगळ्यांचे हात वर. दीडशे. पाचशे. हजार. चौदा नंबर "पाच हजार" म्हणतो आणि वर्ग त्याच्यावर तुटून पडतो. मी सगळे आकडे फळ्यावर लिहिते. शेवटच्या बाकावरचा, पेन्सिलीतला, एकटा बाहेर बघत नाहीये. पुस्तकातल्या कोऱ्या पानावर काहीतरी काढतोय. यंदाही पुस्तकातच वहीची पानं आहेत. धड्याच्या नोंदी करायला म्हणून घातलेली, पण सातवीत त्यांच्यावर बैल, क्रिकेटची पिचं आणि एकमेकांची व्यंगचित्रंच जास्त.

"त्याला इचारा ना मॅडम," पेन्सिलीतलीच एक मुलगी म्हणते. "त्यो बांधतो."

तो उभा राहतो. शर्टाच्या वरच्या दोन गुंड्यांच्या जागी सेफ्टी पिना.

"मोळी कुणाची हाय, त्याच्यावर हाय," तो म्हणतो.

"म्हणजे?"

"बापाची तीस किलोची ऱ्हाती. मायची पंचवीसची." थांबतो. "माझी धरीत न्हाईत."

आम्ही मायची धरायचं ठरवतो. पंचवीस किलो. टनाला किती? वर्ग तोंडीच सांगतो, चाळीस. आणि ट्रॉल्या? तो खिडकीकडे एकदाच बघतो, गिऱ्हाईक कलिंगडाकडे बघतं तसं. "पंधरा टन भरतील काट्यावर." पंधरा गुणिले चाळीस. सहाशे. पाचशेवाली उड्या मारायला लागते.

इथं खरं तर खेळ संपायला हवा होता. पण पुढच्या बाकांवर बागायतदारांची पोरं आहेत. त्यांच्यातला एक लगेच सांगतो, "मॅडम, उसाची एफआरपी टनाला चौतीसशे हाय यंदा. सव्वादहा उताऱ्याला. आमचे आबा म्हणत्यात, त्यातनं तोडणी-वाहतूक जाती." बारा वर्षांच्या पोराला उतारा, वजावट, पहिली उचल, सगळं माहीत आहे. या भागात ते जेवताना कानांवर पडतं. मी मागे बघते.

"तोडायला किती मिळतात टनाला?"

"तीनशे सहासष्ट." पटकन. पाढा म्हटल्यासारखं. या वर्षीच्या जानेवारीत संपाच्या बोलण्यांनंतर चौतीस टक्के वाढ झाली, तो हा दर.

"मग एका मोळीला किती?"

आता कुणी गणित नको म्हणत नाही. पुस्तकांतल्या कोऱ्या पानांवर, बैलांच्या शेजारी, तीनशे सहासष्ट भागिले चाळीस सुरू होतं. दशांश चिन्हाशी अर्धा वर्ग अडतो. नऊचा भाग गेला, बाकी सहा, आता सहाचं काय करायचं? मी फळ्यावर शून्य देते, चिन्ह वर घेते. पहिल्या बाकावरची, मघाशी हसत होती ती, सगळ्यांच्या आधी ओरडते, "नऊ रुपये पंधरा पैसे!"

"म्हणजे वेफर्सचे दोन पुडे बी येत न्हाईत," चौदा नंबर म्हणतो. "पंच्याऐंशी पैसे कमी पडत्यात."

वर्ग हसतो. शेवटचा बाकही हसतो, हे मी मुद्दाम बघून घेते. मग ती दुसरी पेन्सिलवाली मुलगी, जी आतापर्यंत एक शब्द बोललेली नाही, बसूनच म्हणते, "दोघांत ते. कोयता म्हंजी दोघं ऱ्हातेत." नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, हे पुढच्या बाकांनाही ठाऊक असतं, त्यांनी त्याला कधी दोनाने भागलेलं नसतं. चार रुपये साडेसत्तावन्न पैसे. फळ्यावर लिहिताना माझ्या खडूचा तुकडा पडतो.

"आन् ते बी हातात येत न्हाईत," मुलगा खाली बसता बसता म्हणतो. "उचलीतनं फिटतेत."

माझा एक तास संस्थेला कितीला पडतो, ते उदाहरण मी फळ्यावर घेत नाही.

तास चांगला चाललाय असं वाटलं की शिक्षकाला पुस्तक आठवतं. ती आमची खोड. हातात समप्रमाण आयतं सापडलेलं, मग व्यस्तप्रमाण का सोडा? मी पुस्तकी वळणाचं एक ठोकून देते. पंधरा मजूर एक फड आठ दिवसांत तोडतात, तर वीस मजुरांना किती दिवस लागतील? सातवी ब फॉर्मात आहे. पंधरा आठे वीसासे, भागिले वीस. "सहा!"

मागे मान हलते. नाही.

"का रे?"

"सहा न्हाई होत."

"माणसं वाढली की दिवस कमी होतील ना?"

"माणसं वाढली तरी गाडी एकच ऱ्हाती." तो आता उभाही राहत नाही, बाकावर कोपरं टेकून सांगतोय, घरात सांगतात तसं. "गाडी भरून गेली की काट्यावर नंबरात लागती. रातभर बी उभी ऱ्हाती. ती येईस्तोवर वीस असूद्या न्हाईतर चाळीस, बसूनच ऱ्हायचं. तोडून ठिवला तर वाळतो. वजन मरतं. मुकादम शिव्या देतो."

मला बी.एड.ला शिकवलेलं सगळं आठवतं. विद्यार्थ्याच्या अनुभवविश्वाशी सांगड घाला, ज्ञाताकडून अज्ञाताकडे जा. अज्ञाताच्या बाजूला मी उभी असेन, हे त्यात नव्हतं. फळ्यावर मी सहा लिहिलेलं आहे. ते पुसायचं नाही, परीक्षेत ते बरोबर आहे. सहाच्या पुढे मी कंसात 'गाडी थांबली नाही तर' असं लिहिते. तो ते वाचतो, ओठ हलवत, आणि मान डोलावतो. बागायतदाराचं पोर वळून त्याला विचारतंय, "वाळला की किती मरतं रं वजन?" आणि मागून उत्तर जातंय. आता वर्गात तीन ठिकाणी तीन हिशेब चालू आहेत, आवाज चढलाय, कुणी माझ्याकडे बघत नाहीये.

दारात पर्यवेक्षक सर.

"मॅडम, आवाज ऑफिसपर्यंत येतोय."

सातवी ब एका क्षणात हाताची घडी घालते. बदली शिक्षकाचं मोजमाप या एकाच मापाने होतं. त्या तासाला काय झालं, हे कुणी विचारत नाही. आवाज आला की नाही, एवढंच. शांत वर्ग म्हणजे चांगली मॅडम. वर्ग झोपला असेल तर अतिउत्तम.

सर फळ्याकडे बघतात. ३६६, ४०, ९.१५, ४.५७५. "गणित घेतलंत? हिंदीच्या तासाला?"

"हो सर."

"कॅटलॉग भरला?"

"भरला."

"बरं," म्हणतात आणि पुढच्या वर्गाकडे जातात. दोन पावलांवर थांबून परत येतात. "एकतीस नंबर तालमीत नाही. मागच्या भिंतीवर बसलाय. बघा जरा."

टोल पडतो. पाचशेवाली पहिली बाहेर पडते, ठरल्याप्रमाणे, आणि एकतीसला शोधायला अर्धा वर्ग तिच्यामागे.

सहावा आणि आठवा तास ऑफ. सहाव्याला दहावी अ स्वतःहून सराव प्रश्नपत्रिका सोडवते, त्यांना माझी गरज फक्त घड्याळ म्हणून असते. मध्ये सातवा माझा, आठवी क. खडू संपलेला आहे, मी पेनाच्या टोपणाने फळ्यावर कोन दाखवते.

आठव्याच्या आधी पाणी प्यायला स्टाफरूममध्ये येते तर ज्येष्ठ बाई हळूच म्हणतात, "अगं, फोन आला होता तिचा. बाळ अजून रात्रभर जागं असतं म्हणे. बालसंगोपन रजा टाकायचा विचार आहे."

बालसंगोपन रजा. तीही १८० दिवसांपर्यंत असते, पण तुकड्यातुकड्याने घेतात. माझ्या डोक्यात आकडे धावायला लागतात: जानेवारी, फेब्रुवारी, वार्षिक परीक्षा, कदाचित एप्रिल. मग लक्षात येतं की एका तान्ह्या बाळाच्या जागरणावर मी मनातल्या मनात तीन महिन्यांचं मानधन मांडतेय. या कामात हे सारखं होतं. कुणाचा पाय मोडला, कुणाचे वडील आजारी, कुणाला दिवस गेले, की कुठल्या तरी गावी कुणीतरी बी.एड. झालेलं माणूस फोन चार्जिंगला लावून बसतं. विचारपूस करताना आवाज फार सांभाळावा लागतो. जरा जास्त आस्थेनं विचारलं, तरी समोरच्याला शंका येते.

"बाळाला बरं वाटू दे," मी म्हणते. मनापासून म्हणते. तरीही बाई माझ्याकडे किंचित जास्त वेळ बघतात.

पाचला शाळा सुटते. हॉलमधला स्पीकर चालूच आहे. मी खुर्चीवरची गादी झटकून नीट ठेवते, खण बंद करते आणि मागच्या रस्त्याने स्टँडकडे निघते. ट्रॅक्टर गेलाय. तो उभा होता तिथं चिपाडं आणि एका पायातली चप्पल, शाळेतल्याच कुणाची तरी.

वळणावर ऊसतोडीच्या कोप्या आहेत. बाहेर चूल पेटलेली, धूर जमिनीलगत पसरलेला. रस्त्याच्या कडेला वाढ्याच्या पेंढ्या मांडून तो बसलाय, सेफ्टी पिनांचा शर्ट तोच, फक्त दप्तर नाही. गावातला एक जण मोटारसायकलवर पाय टेकवून भाव करतोय. पोरगं वर न बघता पेंढ्या मोजतंय. मोजता मोजता एक पेंढी कमी निघते, तर तो वाढ्याचीच दोन पानं पिळून आळा करतो आणि विखुरलेलं गोळा करून आणखी एक बांधतो. गुडघा टेकवून, दातात एक टोक धरून. पाच सेकंद लागत नाहीत. मोटारसायकलवाला पेंढ्या मागे बांधून निघून जातो.

मग त्याला मी दिसते. तो उठतो, हात मागे बांधतो, वर्गात उभं राहतात तसा.

"मॅडम, उद्या आमच्यावर ऑफ हाय का?"

"उद्या शनिवार. सकाळची शाळा."

"त्ये ठावं हाय. ऑफ हाय का?"

"ते वहीत असतं. वही सकाळी निघते."

तो विचार करतो. मागून आईने हाक मारली आहे, तिकडे त्याचं लक्ष नाही.

"मंग मी मामाला इचारतो," तो म्हणतो.